पोलीस कोठडीची पाहणी: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

तालुक्याच्या ठाण्यातील कोठडीची पाहणी बहुतेक वेळा अशी होते. पथक आदल्या दिवशी फोन करून निघते, ठाणेदारांच्या खोलीत चहा होतो, मग सगळे मिळून लॉकअपसमोर उभे राहतात आणि गजांपलीकडच्या माणसाला "काही त्रास तर नाही ना?" असे विचारतात. तो मान खाली घालून "नाही जी" म्हणतो. भेट-वहीत "सर्व काही समाधानकारक" असा शेरा पडतो, एक छायाचित्र निघते आणि पथक जेवणाच्या वेळेपर्यंत परतते. अशा पाहणीने कोणाचाही छळ थांबत नाही. उलट, पुढे एखादी तक्रार कोर्टात गेली की हाच शेरा ठाण्याच्या बाजूचा पुरावा म्हणून दाखवला जातो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकील, विधी स्वयंसेवक आणि कारागृहांवर नेमलेले अशासकीय अभ्यागत यांच्यासाठी हा लेख आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यामागे एकच हिशेब आहे: पथक संध्याकाळी घरी जाते आणि बोललेला माणूस त्याच कोठडीत रात्र काढतो. क्रम चुकला की त्याची किंमत तो मोजतो.

१. अधिकार आधी कागदावर आणा

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, परंतु त्याला अजून अनुसमर्थन, म्हणजे तो बंधनकारक करणारी औपचारिक मान्यता, दिलेले नाही, आणि कोठड्यांना स्वतंत्र भेटींची व्यवस्था घालून देणाऱ्या २००२ च्या पूरक करारातही आपण सामील नाही. त्यामुळे कोणत्याही ठाण्यात केव्हाही शिरू शकेल अशी एक राष्ट्रीय यंत्रणा आपल्याकडे नाही. जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे, आणि आपण कोणत्या तुकड्याच्या आधारावर दारात उभे आहोत हे पथकातील प्रत्येकाला सांगता आले पाहिजे.

कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, मग तिचे उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये तो दिलेला आहे. पॅनेल वकील आणि स्वयंसेवक यांची भेट या हक्कावर उभी राहते. कारागृहासाठी महाराष्ट्राचे अभ्यागतांविषयीचे १९६२ चे नियम आहेत. पोलीस ठाण्यांवरही अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार राज्यांनी करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू या कोठडीतील छळाविषयीच्या प्रकरणातील २०१५ च्या आदेशात म्हटले आहे. मानवी हक्क आयोग, महिला आयोग आणि दंडाधिकारी यांचे अधिकार वेगळे आहेत. ते आपल्याला आहेत असे भासवू नका.

प्राधिकरणाच्या सचिवांकडून नेमणूकपत्र घ्या. त्यात पथकातील सदस्यांची नावे, ज्या ठाण्यांना भेट द्यायची त्यांची यादी, "पूर्वसूचनेशिवाय" हा शब्द, नोंदवह्या पाहण्याचा आणि अटकेतील व्यक्तीशी एकांतात बोलण्याचा उल्लेख, आणि पत्राची मुदत असावी. "भेट देऊन अहवाल सादर करावा" एवढ्या एका ओळीच्या पत्रावर ठाणे अंमलदार (त्या वेळी कर्तव्यावर असलेला कर्मचारी) दारातच प्रश्न विचारतो, आणि तो चुकीचे विचारत नाही.

सावधान: पत्र हाती नसताना "सामाजिक कार्यकर्ते म्हणून सहज आलो" असे सांगून आत जाऊ नका. तुम्हाला बाहेर काढले तर त्याने फारसे बिघडत नाही. तुम्ही कोणाला भेटायला आला होता हे मात्र ठाण्याला कळून गेलेले असते.

यादी करताना फक्त पोलीस ठाण्यांपाशी थांबू नका. विदर्भात माणसे वन विभागाच्या नाक्यावर किंवा परिक्षेत्र कार्यालयातही बसवून ठेवली जातात. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांत दारूच्या गुन्ह्यांत आणलेल्यांची संख्या बरीच असते. जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक गुन्हे शाखा असते, तिला स्वतःचे लॉकअप असो वा नसो.

२. पथक आणि भाषा

दोन किंवा तीन माणसे पुरेशी आहेत. त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे, आणि शक्य असेल तर एक डॉक्टर असावा. एकटे जाऊ नका, कारण तुमच्या शब्दाला दुसरा साक्षीदार राहत नाही. पाचजण गेले तर त्याची वरात होते.

भाषेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिणेकडे गोंडी आणि माडिया, तर अमरावती, यवतमाळ, बुलढाणा या पट्ट्यात फासेपारध्यांची बोली. माणूस मराठीत "हो" म्हणतो याचा अर्थ त्याला प्रश्न कळला असा होत नाही. दुभाषा पथकाने स्वतः न्यावा. ठाण्यातील शिपाई, त्या गावचा पोलीस पाटील किंवा कोतवाल यांना दुभाषा करू नये. ते कितीही भले असले तरी उद्या त्यांना त्याच ठाण्यात उभे राहायचे असते. दुभाष्याला आधी बसवून सांगा की त्याने सारांश सांगायचा नाही, जे ऐकले तेच सांगायचे. "साहेब, तो म्हणतो थोडीफार मारपीट झाली" यातले "थोडीफार" कोणाचे, हे नंतर ठरवता येत नाही.

सोबत पाने क्रमांकित केलेली वही, दोन पेने, शिंप्याची मोजपट्टी, शरीराच्या पुढच्या व मागच्या बाजूचे साधे रेखाचित्र छापलेले कागद आणि बरोबर लावलेले मनगटी घड्याळ एवढे न्या. मोबाइल गाडीतच राहू द्या.

३. निघण्यापूर्वीची माहिती

कोठडीत कोण असायला हवे हे ठाण्यात पोचण्यापूर्वी तुम्हाला अंदाजे ठाऊक असले पाहिजे. मागच्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतील तालुक्याचे पान पाहा. "चोरीप्रकरणी तिघे ताब्यात" अशी बातमी मंगळवारी आलेली असेल आणि अटक गुरुवारची दाखवली असेल, तर कामाला तिथूनच सुरुवात होते. न्यायालयात त्या आठवड्यात कोणाचा पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाला आणि तो कधी संपतो हे तालुका विधी सेवा समितीकडून काढून घ्या. घरची माणसे भेटली असतील तर त्यांना एवढेच विचारा: कोण, कधी, कोणत्या गाडीतून घेऊन गेले, आणि तेव्हा अंगावर काय कपडे होते. कपड्यांचा प्रश्न फालतू वाटतो, परंतु बदललेला सदरा पुष्कळ काही सांगतो.

एक मार्ग फारसे कोणी वापरत नाही. वर्धा, यवतमाळ, अकोला, भंडारा, चंद्रपूर येथील जिल्हा कारागृहांत किंवा नागपूर-अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहांत नुकतेच दाखल झालेले न्यायालयीन कोठडीतील बंदी आधी भेटा. पोलिसांच्या ताब्यातून बाहेर आलेला माणूस ठाण्यातल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतो, आणि कोणत्या ठाण्यात, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी काय होते याचे चित्र त्याच्याकडून मिळते. कारागृहात दाखल होतानाच्या वैद्यकीय नोंदीत जखमा असतील आणि पोलिसांच्या कागदांत त्या नसतील, तर ती तफावत आयतीच हाती येते.

४. वेळ निवडा

सकाळी अकराला गेलेल्या पथकाला स्वच्छ लॉकअप दिसते, कारण पीसीआर मागायचे आरोपी तेव्हा कोर्टात असतात. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ जास्त उपयोगी पडते. शनिवारची संध्याकाळ, आठवडी बाजाराची रात्र, पोळ्याचा दुसरा दिवस, निवडणुकीच्या आधीचा आठवडा, गावात मोठी चोरी झाल्यानंतरचे दोन दिवस, या वेळा डोळ्यांपुढे ठेवून वर्षाचे नियोजन करा. मे महिन्यात एक भेट दुपारी तीनला ठेवा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या कोंदट खोलीत पाण्याच्या एका मडक्यावर चारजणांना ठेवणे हाही छळच आहे, आणि तो डिसेंबरात दिसत नाही.

एकाच वारी, एकाच वेळी जाण्याची सवय लावू नका. दोन ठाणी एका दिवसात करायची असतील तर दूरचे आधी करा. जवळचे आधी केले तर निरोप तुमच्या गाडीच्या पुढे पोचतो.

५. पहिली पंधरा मिनिटे

ठाणे अंमलदाराला पत्र दाखवा, त्याची प्रत द्या, पोचल्याची वेळ स्टेशन डायरीत नोंदवायला सांगा आणि थेट लॉकअपकडे जा. ठाणेदार असतील तर दोन वाक्यांत ओळख करून द्या आणि चहा निघताना घेऊ असे नम्रपणे सांगा. हा उद्धटपणा नव्हे. ज्या वीस मिनिटांत चहा येतो त्याच वीस मिनिटांत मागच्या दारातून माणूस हलवला जाऊ शकतो.

लॉकअपसमोर पहिले काम डोकी मोजण्याचे. स्त्रिया वेगळ्या आहेत का ते पाहा. अठरा वर्षांखालचा वाटणारा कोणी दिसला तर बाकी सगळे बाजूला ठेवा, कारण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाला पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. वयाचा वाद तिथे घालत बसू नका. बाल न्याय मंडळाला आणि प्राधिकरणाच्या सचिवांना लगेच कळवा.

यानंतर लॉकअपच्या बाहेरच्या खोल्या पाहा. मारहाण सहसा लॉकअपमध्ये होत नाही. ती डीबी रूममध्ये (गुन्हे शोध पथकाच्या खोलीत), मागच्या पडक्या क्वार्टरमध्ये, मुद्देमालाच्या खोलीत किंवा तपास अधिकाऱ्याच्या खोलीत होते. तिथे बसवून ठेवलेली माणसे "साक्षीदार आहेत", "चौकशीला बोलावले आहे" असे सांगितले जाईल. त्यांना स्वतः विचारा की ते आता उठून घरी जाऊ शकतात का. उत्तर देण्यापूर्वी ते कोणाकडे पाहतात हेही वहीत लिहा.

तपासा: मोजलेली डोकी आणि लॉकअप रजिस्टरमधील नावे यांचा आकडा जुळतो का? नसेल तर तो फरक आत्ताच, वेळेसह, लिहून ठेवा. रजिस्टर नंतर पूर्ण होते.

६. नोंदींचा ताळा

नवीन सदस्य नोंदवह्या वाचतात आणि सही करून परत देतात. वह्या वाचायच्या नसतात, एकमेकींवर ताडून पाहायच्या असतात. त्यासाठी एका पानावर प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ आखा आणि त्या ओळीत फक्त वेळा भरा: घरून किंवा रस्त्यावरून नेल्याची वेळ, स्टेशन डायरीतील आगमन, अटकेच्या पंचनाम्यावरील वेळ, नातेवाइकाला कळवल्याची वेळ, वैद्यकीय तपासणी, लॉकअपमध्ये टाकल्याची वेळ, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केल्याची वेळ.

समजा, एका मजुराच्या अटक पंचनाम्यावर मंगळवार, रात्री ११.४० असे आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या तपासणी कागदावर मंगळवार, सायंकाळी ७.१५ आहे. लॉकअपमध्ये त्या दिवशी दोन नावे आहेत, आणि आरोपींच्या जेवणाच्या खानावळीच्या बिलात दुपारच्या तीन थाळ्या आहेत. बायको सांगते, सकाळी नऊला कपाशी फवारत असताना नेले. इथे कोणीही कोणावर आरोप केलेला नाही, तरी जवळजवळ पंधरा तास कागदावरून गायब आहेत आणि ते कागदांनीच दाखवून दिले आहे. छळ होतो तो बहुधा याच गायब तासांत. म्हणूनच मी एका भेटीत दहा गोष्टी पाहण्यापेक्षा हा एक तक्ता नीट भरण्याला जास्त महत्त्व देतो.

कायद्याने काय असायला हवे ते हाताशी ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि अनेक ठाण्यांत अजून तोंडी जुनी, दंड प्रक्रिया संहितेची, कलमे चालतात, त्यामुळे दोन्ही ठाऊक असू द्या. कलम ३६ प्रमाणे अटकेचा पंचनामा घरच्या माणसाने किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीने साक्षांकित केलेला आणि अटक झालेल्याची प्रतिस्वाक्षरी असलेला हवा. प्रत्येक पंचनाम्यावर तोच "प्रतिष्ठित" चहावाला असेल तर ते लिहा. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात दर्शनी जागी लावलेले असले पाहिजे. कलम ३८ चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देते, संपूर्ण चौकशीभर नसले तरी. नातेवाइकाला कळवणे कलम ४८ मध्ये, वैद्यकीय तपासणी कलम ५३ मध्ये, आणि चोवीस तासांची मर्यादा कलम ५८ मध्ये आहे. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, ही अट डी. के. बसू निकालाची आहे, १८ डिसेंबर १९९६ ची.

चोवीस तासांविषयी दोन गैरसमज सतत आढळतात. पहिला, घड्याळ पंचनाम्यावरील वेळेपासून सुरू होते असा. माणसाच्या हालचालीचे स्वातंत्र्य जेव्हा काढून घेतले तेव्हाच अटक झाली, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरा गैरसमज प्रवासाच्या वेळेचा. अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतचा आवश्यक प्रवास चोवीस तासांतून वजा होतो हे खरे. परंतु ज्या रस्त्याला जीपने तीन तास लागतात तिथे "दुर्गम भाग" या दोन शब्दांत पूर्ण दिवस वजा करता येत नाही. किती तास लागतात ते स्वतः मोजून ठेवा, येता-जाता मोजलेच जाते.

७. एकांतात बोलणे

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ठाण्यात चारजण होते, त्यांतला एक लंगडताना दिसला, म्हणून मी फक्त त्यालाच बाजूला बोलावून अर्धा तास बोललो. बाकीच्यांशी बोललो नाही. आठवड्याने तो कारागृहात भेटला तेव्हा माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. जाताना शेजारच्या बंद्याने सांगितले की त्या रात्री त्याला "वकिलाला काय काय सांगितलं" एवढेच पुन्हा पुन्हा विचारले गेले होते.

तेव्हापासून नियम असा: कोठडीतील प्रत्येकाशी बोलायचे, आणि प्रत्येकाला साधारण तेवढाच वेळ द्यायचा. ज्याच्याविषयी शंका आहे तो पहिला नको आणि शेवटचा नको. ज्याला काहीच सांगायचे नाही त्याच्याशीही दहा मिनिटे पिकापाण्याचे बोला. माणसे पुष्कळ असतील तर नावांच्या यादीतील दर तिसरे नाव घ्या आणि ही पद्धत पोलिसांना आधी सांगून टाका.

जागा अशी निवडा की पहारेकऱ्याला तुम्ही दिसाल पण ऐकू येणार नाही. ठाण्याच्या आवारातील कडुनिंबाखालची जागा बंद खोलीपेक्षा बरी, कारण खोलीत कॅमेरा असू शकतो, आवाजासह. हातकडी असेल तर ती काढायला सांगा. नकार मिळाला तर नकार देणाऱ्याचे नाव आणि कारण लिहा. स्त्रीशी पथकातील स्त्रीनेच बोलावे.

सुरुवात ओळखीने करा: आपण कोण, पोलिसांचे नाही, कोर्टाचेही नाही, आपल्याकडून सुटका होणार नाही, काय करता येईल आणि काय नाही. खोटी आशा लावू नका. "गुन्हा केला का?" हा प्रश्न तोंडातून निघताच कामा नये. "मारलं का?" असेही विचारू नका. "तुम्हाला आणलं तेव्हापासून आत्तापर्यंत काय काय झालं ते क्रमाने सांगा" असे म्हणा आणि गप्प बसा. झोप, पाणी, लघवीला जाऊ देणे, जेवण, घरच्यांची भेट, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा, हे सगळे त्याच ओघात विचारता येते. धमकी, बायको-मुलीला आणण्याची भीती घालणे, जातीवरून शिवीगाळ हेही लिहायचे आहे. अंगावर वळ उठला नाही म्हणून ते कमी ठरत नाही.

संमती तीन वेळा, वेगवेगळी घ्या. मी हे लिहून घेऊ का? तुमच्या नावासह वर देऊ का? दंडाधिकाऱ्यांना आत्ताच सांगू का? पहिल्याला हो आणि बाकी दोन्हींना नाही, असे पुष्कळजण म्हणतात. तो नकार पाळा. नावाशिवायची माहितीसुद्धा सहा भेटींनंतर एकत्र ठेवली की बोलू लागते.

सावधान: लिहिलेले कागद कोठडीतल्या माणसाजवळ ठेवू नका, आणि तुमची वही कोणाला "फक्त बघायला" देऊ नका.

८. जखमांची नोंद

तुम्ही डॉक्टर नसाल तर तपासणी करायची नाही. त्याने आपणहून दाखवले तेवढेच पाहायचे आणि दोन रकान्यांत लिहायचे: तो काय म्हणाला, आणि मला काय दिसले. "पाठीवर मारहाणीच्या खुणा" हे वाक्य दोन्ही रकान्यांत बसत नाही आणि म्हणून निकामी आहे. "डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, तिरपे, दोन समांतर लालसर पट्टे, मधली कातडी फिकट, लांबी ११ सेंटिमीटर" असे लिहा आणि रेखाचित्रावर जागा दाखवा. काठीच्या किंवा पट्ट्याच्या फटक्याने असे रुळांसारखे जोडपट्टे उठतात, हे डॉक्टर ओळखतील. निष्कर्ष त्यांचा असू द्या. रंगावरून जखम किती दिवसांची हे सांगायला जाऊ नका, त्यात अनुभवी डॉक्टरही चुकतात.

काही मारांच्या खुणा दिसत नाहीत. तळपायावर मारले की दोन दिवसांत सूज उतरते, पण माणूस टाचा टेकवायचे टाळतो. त्याला चार पावले चालायला सांगा. दोन्ही कानांवर एकदम थप्पड मारल्यास पडदा फाटू शकतो. ऐकू कमी येते का, कानातून पाणी येते का, ते विचारा आणि कानाच्या तज्ज्ञाकडून तपासणीची मागणी करा.

तातडीची खूण: भरपूर मार बसलेल्या माणसाची लघवी काळ्या चहासारखी होत असेल किंवा कमी झाली असेल, तर मार लागलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. बाकी पाहणी थांबवा, ठाणेदारांना लेखी द्या आणि रुग्णालयात हलवल्याशिवाय आवार सोडू नका.

कलम ५३ प्रमाणे डॉक्टरांनी जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ लिहून अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला द्यायची असते. ती मागा. ग्रामीण रुग्णालयाच्या कागदावर "कोणतीही ताजी जखम नाही" असा शिक्का असेल तर तपासणीच्या वेळी पोलीस खोलीत होते का, अंगावरचे कपडे काढले होते का, हे माणसाला विचारा.

९. कॅमेरे

यात फार वेळ घालवू नका, परंतु वगळूही नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वारे, लॉकअप, ओसऱ्या, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या आणि मागची बाजू टिपणारे, रात्री दिसणारे व आवाज नोंदवणारे कॅमेरे सक्तीचे केले, आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष, साठवण्यास सांगितले. पडद्यासमोर उभे राहून डीबी रूमचा कॅमेरा कोणता ते विचारा, आणि परवापेक्षा जुने चित्रण उघडून दाखवायला सांगा. चालू पडदा पाहून समाधान मानणे ही नेहमीची चूक आहे. साठवण चालू आहे का हे मागचे उघडल्याखेरीज कळत नाही.

बंद कॅमेऱ्याची तक्रार जिल्हास्तरीय देखरेख समितीकडे जाते. तिच्यावर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. आपण या समितीवर आहोत हे अध्यक्षांना पत्राने आठवण करून द्यावी लागते, असा माझा अनुभव आहे.

१०. निघताना आणि त्याच रात्री

आता चहा घ्या. ठाणेदारांना त्यांच्या हातात असलेल्या गोष्टी सांगा: पाणी, पंखा, संडासाचे दार, लावलेली नसलेली यादी. काही ठाणेदार या गोष्टी दोन दिवसांत करतात, त्यांचे तसे लिहायलाही विसरू नका. कोण काय बोलले याचा मागमूस या बोलण्यात येऊ देऊ नका. "एकाने सांगितलं" एवढेही नको, कारण तीनजणांत तो एक शोधायला वेळ लागत नाही.

भेट-वहीत "समाधानकारक" लिहू नका. "अमुक वेळी आलो, इतक्या व्यक्तींना भेटलो, अमुक नोंदवह्या पाहिल्या, अहवाल स्वतंत्रपणे सादर करू" एवढेच लिहून खाली रेघ मारा, म्हणजे नंतर काही जोडता येणार नाही.

त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, दोघांनी आपापल्या वह्या जुळवून टिपण तयार करावे. ज्याने दंडाधिकाऱ्यांना सांगायला संमती दिली आहे त्याचे काम सकाळवर ढकलू नका. पुढच्या रिमांडच्या वेळी पॅनेल वकील हजर राहील आणि जखमा दंडाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवून वैद्यकीय तपासणीचा आदेश मागेल, अशी व्यवस्था करा. मारून कबुली घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खालचा गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माणूस कोठे आहे हेच सांगितले जात नसेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे ताब्यातील माणसाला न्यायालयापुढे हजर करायला लावण्याचा, अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाला तुमचा वेळांचा तक्ता लागतो. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज मात्र दुसऱ्याच दिवशी द्या.

अहवाल दोन भागांत करा. पोलीस अधीक्षकांकडे जाणाऱ्या भागात वेळांचा तक्ता, खोल्या, कॅमेरे आणि मुदतीसह शिफारशी असाव्यात. "मानवी हक्कांचे पालन व्हावे" ही शिफारस नव्हे. "१५ तारखेपर्यंत डीबी रूमचा कॅमेरा जोडावा, जबाबदारी ठाणेदारांची" ही शिफारस आहे. व्यक्तींची निवेदने दुसऱ्या भागात, बंद लिफाफ्यात, फक्त प्राधिकरणाच्या सचिवांकडे.

११. आठ दिवसांच्या आत परत जा

नियोजनात पहिली भेट लिहितानाच दुसरीची तारीख लिहा, आणि ती ठाण्याला सांगू नका. ज्यांच्याशी बोलला त्या प्रत्येकाला नावानिशी शोधा. कोठडीत असेल तर तिथे, कारागृहात गेला असेल तर तिथे, जामिनावर सुटला असेल तर त्याच्या गावात, परंतु सरकारी गाडी वस्तीच्या बाहेर ठेवून. प्रश्न तेच विचारा, सर्वांना, त्याच क्रमाने, आणि शेवटी एक जास्तीचा: आम्ही गेल्यानंतर कोणी काही विचारले का? उत्तर आले की तक्त्यातील त्याच्या ओळीपुढे तारीख आणि वेळ घाला. जो सापडत नाही त्याच्या ओळीपुढचा रकाना रिकामा सोडू नका. शेवटचा कोठे, कधी, कोणाच्या ताब्यात दिसला ते लिहा आणि ते पान त्याच दिवशी सचिवांच्या टेबलावर पोचवा.